डेंग्यूची रूपं मोजण्याआधी नमुना सांभाळा
रुग्णाच्या रक्तात डेंग्यू विषाणूची रूपं (नक्कल होताना चुका होऊन बनलेले थोडे वेगळे विषाणू) जितकी जास्त तितका आजार गंभीर, असा एक दावा केला जातो. डेंग्यूत हे इतकं सरळ नाही. आधी डेंग्यूच्याच वेगळ्या प्रकाराची लागण होऊन गेली होती का, हे पाहावंच लागतं. पोलिओत मात्र २००६ सालचा पुरावा आहे: नक्कल करताना कमी चुका करणारा, म्हणजे कमी रूपं बनवणारा विषाणू उंदरांच्या मेंदूपर्यंत नीट पोहोचेना.

हा दावा करताना रक्ताच्या नमुन्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. सोलापूरच्या ऑक्टोबरच्या उन्हात, सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) वेगळं न करता, बर्फाशिवाय ट्यूब पुण्याच्या प्रयोगशाळेत धाडली की आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) तुटतो. उरलेल्या मोजक्या रेणूंवर पीसीआरचे (जनुकीय द्रव्याच्या प्रती वाढवणाऱ्या पद्धतीचे) फेरे वाढवले, की पीसीआरच्याच चुका नवी रूपं म्हणून दिसतात. सीटी (विषाणू दिसेपर्यंत लागलेले पीसीआरचे फेरे; जितके जास्त तितका विषाणू कमी) ३० च्या वर असेल तर आरएनए काढण्यापासून त्याच नमुन्याची दोनदा स्वतंत्र तयारी करा. दोन्हींत सापडलेलं, निदान ३ टक्के प्रमाणातलं रूपच धरा.