मागचा टायर कापला जातोय, पुढचा घसरतोय. सगळीकडे चालेल असा एकच टायर सुचवा

खडीवर_आडवा
नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसतं वाचत बसतो, आज पहिल्यांदा विचारतोय त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी माउंटन बाइक (सायकल) हार्डटेल आहे, म्हणजे मागे सस्पेन्शन नाही, २९ इंची चाकं, पुढे १३० मिमी दबणारा सस्पेन्शन फोर्क. माझं वजन बॅगेसकट ८२ किलो. टायर बाइकसोबत आलेलेच आहेत, दोन्हीकडे सारखे, २.२५ इंच रुंदीचे, मधले नॉब (टायरवरचे रबरी उंचवटे) बुटके आणि एकमेकांना चिकटून. आत ट्यूब. आमच्या ट्रेलवर सगळंच वाढून ठेवलंय, सुरुवातीला टणक माती, मग चढावर सुटी खडी, माथ्यावर धारदार दगड आणि उतरताना झाडीतली मुळं, पाऊस होऊन गेला असेल तर वर चिखल. गेल्या महिन्यात मागच्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, दोनदा कापली. दुसऱ्या वेळी तर अंगठा जाईल एवढी चीर होती, ट्यूब त्यातून फुग्यासारखी बाहेर डोकावत होती, एनर्जी बारच्या कागदाची चार पदरी घडी आतून लावली आणि अक्षरशः पाळण्यात बाळ असल्यासारखी बाइक घरी आणली.

आणि पुढचं चाक खडीच्या वळणावर काही न सांगता निसटतं. कोपर अजून सोललेलं आहे.

तर असा एक टायर सांगा जो सगळीकडे पकडेल आणि लवकर झिजणार पण नाही. वेबसाइटवर ती नावं आणि आकडे वाचून डोकं फिरलंय.

मागचा_ब्रेक
दादा, तुम्हाला दोन आजार झालेत आणि तुम्ही औषध एकच मागताय.

पुढचं घसरतं ते रबर आणि नॉबमुळे, मागचं कापलं जातं ते केसिंगमुळे, म्हणजे रबराखालच्या धाग्यांच्या कापडामुळे. मऊ रबर दगडाला आणि मुळाला चिकटतं पण झिजतं, कडक रबर टिकतं पण ओल्या दगडावर काचेसारखं सरकतं, एकाच टायरमध्ये दोन्ही पूर्ण मिळत नाही. म्हणून लोक पुढे-मागे वेगळे टायर लावतात. पुढे ग्रिप, कारण पुढचं चाक गेलं की तुम्ही गेलात. मागचं थोडं सरकलं तर सांभाळता येतं, पण मागच्यावर वजन जास्त, पेडल मारतानाची ओढ त्याच्यावर, ब्रेक दाबून फरफटतो पण तोच, म्हणून मागे जरा कडक रबर आणि जाड केसिंग.

केसिंगवर टीपीआय लिहिलेलं असतं, म्हणजे एक इंचात किती धागे. १२० असेल तर धागे बारीक, टायर लवचिक आणि हलका. ६० असेल तर धागे जाड, कापलं जायला जरा अवघड. पण नुसता तो आकडा बघून फसू नका, किती थर आहेत ते पण बघा. मॅक्सिस या टायर कंपनीचं उदाहरण घ्या, त्यांचं एक्सो म्हणजे एक थर आणि साइडवॉलवर कट न लागावा म्हणून वेगळं कापड, आणि डबलडाउन म्हणजे १२० टीपीआयचेच पण दोन थर. म्हणजे १२० वालाच जास्त दणकट निघाला की नाही. बाकी कंपन्यांची नावं वेगळी, प्रकार तोच.

आणि हो, हवा किती भरता ते लिहिलंच नाहीत.

चिखलचाक
मागचा_ब्रेक यांच्याशी शंभर टक्के सहमत. माझा मूर्खपणा सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. सगळ्यात मऊ रबराचा टायर पुढे लावला, इतकी खूश झाले की तसाच मागेही लावला. दोन-तीन महिन्यांत मधल्या नॉबच्या कडा गोल. शिवाय चढावर असं वाटायचं की कोणीतरी मागून कॅरिअर धरून ठेवलंय. पुढचा मात्र मस्त होता, अजून चाललाय.

रबर किती मऊ आहे ते बघायला मी नखाची टेस्ट करते. नॉबमध्ये नख रुतवायचं आणि सोडायचं. कडक रबर लगेच टुणकन परत येतं, मऊ रबर आळसावल्यासारखं हळू येतं. ते हळू येणंच ओल्या मुळावर पकड देतं, चेंडूसारखं उडालं की चाक सुटलं. आकड्यात हवं असेल तर कडकपणा शोअर ए मध्ये मोजतात, ४२ च्या आसपास म्हणजे खूपच मऊ, ६० च्या आसपास म्हणजे टिकाऊ. पण सगळ्या कंपन्या तो आकडा छापत नाहीत. श्वाल्बे या कंपनीचे रबराचे प्रकार रंगावरून ओळखायचे, अ‍ॅडिक्स स्पीडग्रिप निळा, सॉफ्ट नारिंगी, अल्ट्रा सॉफ्ट जांभळा. मॅक्सिसचं मॅक्सग्रिप म्हणजे सगळ्यात मऊ, मॅक्सटेरा मधलं.

तुमच्या वर्णनावरून पुढे मॅक्सिसचा मिनियन डीएचएफ, असेगाई किंवा श्वाल्बेचा मॅजिक मेरी यांतला कुठलाही टायर, मागे मॅक्सिसचाच डीएचआर टू किंवा अ‍ॅग्रेसर. असेगाई ग्रेग मिनार या डाउनहिल रेसरसोबत बनवलेला आहे, नाव आफ्रिकेतल्या भाल्यावरून. त्याच्या मधल्या आणि कडेच्या नॉबमध्ये आणखी एक ओळ आहे, त्यामुळे बाइक हळूहळू झुकवली तरी मध्येच पोकळ जागा लागत नाही. डीएचएफला तिथे मोकळी पट्टी आहे, म्हणजे बिनधास्त झुकवायची, अर्धवट झुकवली तर दोन्हीकडच्या नॉबच्या मध्ये लटकता. खडीवर घाबरून अर्धवट झुकवणाऱ्यांना (मी पण त्यातलीच) असेगाई सोपा जातो.

चिखलाचं एवढंच की नॉब उंच आणि लांब लांब हवेत, माती अडकली नाही पाहिजे. तुमच्या आत्ताच्या टायरवर चिकट माती बसली की पाच मिनिटांत त्याचा गुळगुळीत लाडू होत असणार.

हलकाफुलका_२९
सगळे एन्ड्युरो (खडतर उतारांच्या शर्यती) रेसर झालेत का इथे? माणूस हार्डटेल चालवतोय, १३० चा फोर्क आहे, आणि तुम्ही त्याला डाउनहिलचं सामान बांधताय. जाड केसिंगचा टायर दीड-दोनशे ग्रॅमने सहज जड होतो आणि ते वजन फिरतं, चढावर पायाला बरोबर कळतं. मागे एक्सो किंवा तसंच काहीतरी लावा, ट्यूबलेस करा (ट्यूब काढून आत भोकं बुजवणारं पातळ सीलंट) आणि दगडांत लाइन, म्हणजे वाट, बघून चालवा. निम्मे कट चालवणाऱ्याच्या चुकीने होतात.

मागचा_ब्रेक
लाइन बघून चालवा हे बरोबर, पण हार्डटेलला मागे सस्पेन्शनच नाही, दगडाचा सगळा मार टायर आणि रिमच खातात, म्हणून उलट हार्डटेललाच मागे जरा दणकट लागतो. डीएच, म्हणजे डाउनहिलचं सगळ्यात जाड केसिंग मीही सांगत नाहीये. मधलं काहीतरी घ्या, एक्सोपेक्षा जरा जाड असं एक्सो प्लस वगैरे.

खडीवर_आडवा
बाप रे, किती माहिती, धन्यवाद सगळ्यांना. हवा पुढे-मागे ४० पीएसआय भरतो, टायरवर कमाल ६५ लिहिलंय त्याच्या बरंच खाली. कमी भरली की ट्यूब रिमवर चिमटून दोन भोकं पडतात म्हणून.

मागचा_ब्रेक
४०!! अहो मग टायर बिचारा काय पकडणार, तो खडीवरून उड्या मारतोय. टायरवरचा आकडा फुटू नये म्हणून असतो, चालवायला नाही.

टायर दगडावर दबून त्याचा आकार घेतो तेव्हा ग्रिप मिळते. ट्यूब आहे तोवर खाली जाता येत नाही हे खरं, ती दोन भोकं सापाच्या चाव्यासारखी, तो सगळ्यांचाच अनुभव. म्हणूनच ट्यूबलेस. ट्यूबच नाही तर चिमटणार काय. तुमच्या वजनाला २.४ च्या टायरमध्ये पुढे २२-२३ आणि मागे २५-२६ पासून सुरू करा. एकच वळण धरा, तेच परत परत मारा, दर वेळी १ पीएसआय कमी करा. वळणात टायर कडेला लोळल्यासारखा वाटला किंवा रिम दगडावर टंणकन वाजली की १-२ वाढवा, तिथे तुमचा आकडा. आणि हे सगळं एकाच गेजने करा, पंपावरचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत.

नवीन टायर घ्यायच्या आधी जुन्यावरच पुढे ३० करून एकदा चालवून बघा, फुकट आहे.

चिखलचाक
ट्यूबलेस करताना दोन गोष्टी. सीलंट बारीक भोकं बुजवतं, अंगठा जाईल एवढी चीर नाही, त्यासाठी खिशात प्लगच्या वाती ठेवा आणि एक ट्यूब तरीही सोबत असू द्या. आणि सीलंट वाळतं, दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हचा कोअर काढून आत काडी घालून बघायचं ओलं आहे का. मी एकदा विसरले, टायर उघडला तर आत पातळ रबरी साल आणि एक वाळलेला गोळा, थेंब नाही.

रिमवाला
टायर ऑर्डर करायच्या आधी चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या नळ्या) जागा मोजा. २.२५ च्या जागी २.४ टाकाल आणि चिखल लागला की फ्रेम घासून रंग जाईल, दोन्ही बाजूला ६ मिमी तरी मोकळं हवं. रिमची आतली रुंदी पण बघा, ३० च्या आसपास असेल तर २.४-२.५ छान बसतो, २५ असेल तर २.५ वर जाऊ नका, टायर वरून फुगीर आणि खाली निमुळता होतो. चेनस्टेला मुळातच जागा कमी असते, पुढे फोर्कमध्ये सहसा जास्त, म्हणून पुढे रुंद मागे अरुंद हे पण चालतं.

खडीवर_आडवा
अपडेट. जुन्याच टायरवर पुढे ३० केलं. तेच वळण, तीच खडी, पहिल्याच फेरीत फरक कळला, चाक सरकतं पण आधी सांगून सरकतं. मागचे ३४ पर्यंत आणले, अजून तरी चिमटलं नाही.

तरी टायर घेतलेच, मागचा शिवून चालवण्यासारखा उरला नव्हता. पुढे असेगाई २.५ मॅक्सटेरा, मागे जागा जेमतेम निघाली म्हणून डीएचआर टू २.४, एक्सो प्लस. ट्यूबलेस काल रात्री केलं, बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) बसताना दोनदा धडाम आवाज आला आणि घरचे धावत आले. सकाळी दोन्हीत हवा जशीच्या तशी. फोटो टाकतोय.

चिखलचाक
मस्त! पण मागच्या टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघा. उलटा बसलाय.

खडीवर_आडवा
अरे देवा. चालेल का तसाच?

मागचा_ब्रेक
चालेल, पण त्या नॉबची एक बाजू उताराची आणि दुसरी उभी असते, सुलट असताना उभी बाजू ब्रेकला पकडते. उलट लावलात तर ब्रेक मारल्यावर उतारावरून घसरगुंडी. काढा. सीलंट एका भांड्यात ओतून घ्या, गाळून परत वापरता येतं, आणि या वेळी घरच्यांना आधी सांगा.