आठवड्याचे जेवण गावात पिकते त्यावर कसे बेतावे?

प्रश्न
परसदार (राजापूर तालुका)

नमस्कार. दीड वर्षापूर्वी आम्ही मुंबई सोडून राजापूर तालुक्यातल्या मूळ गावी राहायला आलो. घरात सासूबाई, सासरे, आम्ही दोघे आणि नऊ व सहा वर्षांची दोन मुले अशी सहा माणसे आहोत. मुंबईत असताना मी दर रविवारी पुढच्या आठवड्याचे जेवण वहीत लिहून काढत असे आणि त्याप्रमाणे भाजी आणत असे. इथे आल्यावरही तीच वही तशीच चालू ठेवली.

आमच्या आठवडी बाजारात फ्लॉवर, कोबी, मेथी, ढोबळी मिरची ही भाजी घाटावरून येते. जुलैमध्ये घाटात दरड आली आणि तीन दिवस गाडी पोहोचली नाही. नंतर मिळालेल्या मेथीच्या जुड्या वरून हिरव्या असल्या तरी आतून काळ्या पडल्या होत्या, आणि दर मात्र दुप्पट होता. त्याच आठवड्यात आमच्या परसात अळू कमरेइतके वाढले होते, पडवळाचा वेल मांडवावर चढला होता आणि शेजारच्या काकूंनी टोपलीभर फोडशी, म्हणजे पावसाळ्यातली पातीची रानभाजी, आणून दिली होती. वहीत त्या दिवशी कोबी लिहिलेला असल्यामुळे फोडशी मी उद्यावर ढकलली. सकाळी पाहिले तर निम्म्याहून अधिक पाती पिवळी पडून चिकट झाली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पडवीत बसून एक एक पात निवडली आणि चार घासांची भाजी केली. ते मला फार लागले.

माझी विचारणा अशी आहे, की परसातले, गावातले आणि त्या त्या ऋतूतले जिन्नस धरून आठवड्याचा बेत आधी ठरवता येतो का, की रोज सकाळी समोर येईल ते शिजवणे हाच मार्ग आहे? मी सकाळी शाळेत शिकवायला जाते, त्यामुळे काहीच न ठरवता चालणार नाही. शिवाय मासेमारी बंद असते ते दोन महिने आणि त्यानंतरचा श्रावण या काळात मुलांच्या पोटात प्रथिने पुरेशी कशी जावीत, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर
आगरवाडी (दापोली)

ताई, वही बंद करू नका, तिचे रकाने तेवढे बदला. मी चाळीस वर्षे सात-आठ माणसांचा स्वयंपाक करत आले आहे आणि माझीही वही आहे. मात्र तीत पदार्थाचे नाव शेवटी येते, आधी येतो तो भाजीचा प्रकार. ‘सोमवारी कोबी’ असे लिहिले की कोबी मिळाला नाही तर सोमवार अडतो. ‘सोमवारी फळभाजी’ असे लिहिले की पडवळ, शिराळे, भेंडी, काकडी यांतले जे हाताशी असेल ते चालते.

प्रकारांचा क्रम टिकण्यावरून लावावा. बाजाराचा दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवस पालेभाजीचा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत पावसाळ्यातले पान दीड दिवसापलीकडे राहत नाही. पुढचे दोन दिवस फळभाजीचे ठेवावेत. त्यानंतर कच्ची केळी, केळफूल, लाल भोपळा, सुरण असे काही दमाने टिकणारे, आणि बाजार यायच्या आधीचे दोन दिवस पूर्णपणे साठवणीचे. परसातले अळू कुठल्याच रकान्यात लिहू नये. ते झाडावरच टिकते, म्हणून ज्या दिवशी बेत मोडेल त्या दिवसासाठी ते राखून ठेवावे. शेजारून फोडशी किंवा टाकळा आला, तर तो त्याच दिवशी शिजावा आणि त्या दिवशीची फळभाजी उद्यावर जावी. पान कधीही थांबवायचे नाही, फळाला थांबवायचे, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी नासाडी टळते.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. तुम्ही नोकरी करता, म्हणून वहीत ‘काय शिजवायचे’ याच्या आधी ‘काय भिजत घालायचे’ हे लिहा. कोकणातला स्वयंपाक आदल्या दिवशी सुरू होतो. काळे वाटाणे रात्री भिजत घातले नाहीत तर सकाळी उसळ नाही. कडवे वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड यायला आणि मग सोलायला पुरते दोन दिवस लागतात. आंबोळ्यांचे तांदूळ व उडीद सकाळी भिजवून संध्याकाळी वाटले, तरच पीठ रात्रभर आंबते. केळफूल रात्री सोलून, प्रत्येक फुलातला कडक दांडा व पापुद्रा काढून, चिरून ताकाच्या पाण्यात ठेवावे लागते, आणि त्या वेळी हाताला तेल लावले नाही तर बोटे दोन दिवस काळी राहतात. माझ्या वहीत प्रत्येक दिवसाखाली एक ओळ फक्त भिजवण्याची असते, आणि खरे सांगायचे तर आठवडा त्या ओळीवरच चालतो.

प्रथिनांची चिंता कुळथावर सोपवावी. 100 ग्रॅम कुळथात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात, भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो आपल्याच शेतात होतो, आणि भाजून, भरडून, दळून ठेवलेले त्याचे पीठ पावसाळाभर टिकते. सहा माणसांच्या पिठीला, म्हणजे या पिठाच्या पातळ कालवणाला, साधारण 60 ग्रॅम पीठ लागते. जून ते सप्टेंबर असे 17 आठवडे धरले आणि आठवड्यातून दोनदा पिठी केली, तर 34 वेळा मिळून दोन किलो पीठ पुरते. बेगमीचा, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीचा, हिशोब हा असा आठवड्यावरून मागे मोजत जावा. वाल, काळे वाटाणे, चवळी, आमसुले, आठळ्या (फणसाच्या बिया), खारातले गरे, सर्वांचा तोच हिशोब. मे महिन्यात हे मोजून भरले नाही, तर जुलैमध्ये घाटावरच्या गाडीची वाट पाहण्यावाचून उपाय राहत नाही. मुलांना सकाळी नाचणीची आंबील किंवा भाकरी द्यावी. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि मासे नसलेल्या दिवसांत त्याची गरज असतेच.

उत्तर
रापणकर (मालवण)

आगरवाडी यांच्या उत्तराला माशांपुरती जोड देतो. आमच्या घरी तीन पिढ्यांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, आहे, त्यामुळे पानात मासा कधी येतो आणि कधी येत नाही हे लहानपणापासून पाहिले आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंद असते. हा अनेक माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. बिगरयांत्रिक होड्यांना ही बंदी लागू नाही, पण त्या दिवसांत लाटांपुढे त्यांचेही फारसे चालत नाही. म्हणून हे दोन महिने सुक्या माशांचेच आहेत असे समजून मार्च-एप्रिलमध्ये सुकट, सोडे, सुके बोंबील आणि खारा बांगडा घ्यावा. विकत घेताना हाताने मोडून पाहावा. लवचीक लागला तर आत ओल आहे आणि पहिल्याच पावसात त्याला बुरशी धरणार. घेतल्यावरही मे महिन्यात दोन कडक उन्हे देऊन तो घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. मूठभर सुकट भाजून कांदा-खोबऱ्याबरोबर कालवली, की कुळथाच्या पिठीच्या दिवशी दुसरे काही करावे लागत नाही.

ऑगस्टपासून पुढे ओल्या माशांचे दिवस ठरवताना वहीत माशाचे नाव लिहू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ‘शनिवारी सुरमई’ असे ठरवून बाजारात गेलेला माणूस सुरमईसाठी वाटेल तो दर मोजतो, आणि शेजारीच बांगड्याचा किंवा तारलीचा ताजा वाटा पडून असतो. फक्त ‘ओला मासा’ असे लिहावे आणि त्याच्यापुढे कंसात एक उसळ लिहून ठेवावी, म्हणजे मासा नाही मिळाला तरी घर अडत नाही. बांगडा आणि तारली तेलकट असल्यामुळे लवकर उतरतात. ते आणले त्याच दिवशी तिरफळ घालून शिजवावेत, उद्यासाठी ठेवू नयेत. पसाभर पिल्लांचा वाटा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. बोटभर पापलेट आज घरी आणले, तर पुढच्या वर्षी मोठे कुठून येणार?

तिसऱ्या आणि कालवे या शिंपल्यांना मात्र वार नसतो, तिथी असते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते तशी ओहोटीही दूरवर जाते आणि खाडीतली पुळण उघडी पडते, म्हणून तिसऱ्या त्याच दिवसांत भरपूर मिळतात. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असते, तेव्हा पाणी फार हलत नाही आणि टोपल्या रिकाम्या असतात. आमची आई कालनिर्णयाच्या पानावर या तिथींना पेन्सिलने खूण करून ठेवत असे, आणि आता आम्हीही करतो.

उत्तर
वालपापडी (अलिबाग)

वरची दोन्ही उत्तरे वाचून समाधान वाटले. रानभाज्यांबाबत मात्र थोडी सावधगिरी सांगणे मला माझे कर्तव्य वाटते, कारण नव्याने गावी आलेली मंडळी उत्साहाच्या भरात काहीही खुडून आणतात. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात आणि त्यांमुळे घशाला खाज सुटते. म्हणून त्यात चिंच, आमसूल किंवा अंबाडे घालायचे आणि ते पूर्ण शिजवायचे. पावसाच्या तोंडावर येणारी शेवळे आमच्याकडे काकडाच्या फळांशिवाय कोणी शिजवत नाही, तेही याच कारणासाठी. भारंगीचा पाला उकडून, पाणी पिळून टाकून मगच परतावा. ओळखीची खात्री असलेल्या बाईने दाखवल्याशिवाय कोणतेही पान खुडू नये, आणि रस्त्याच्या कडेचा किंवा तणनाशक मारलेल्या बागेतला टाकळा कितीही कोवळा दिसला तरी आणू नये.

दुसरे असे, की घाटावरच्या भाजीवर सरसकट काट मारण्याची आवश्यकता नाही. बटाटा आणि तुरीची डाळ आपण पिढ्यान्‌पिढ्या बाहेरूनच आणत आलो आहोत. आपल्या हवेत जे नीट होत नाही ते कोरडे आणि टिकाऊ स्वरूपात आणावे, आणि जे कोवळे, ताजे खायचे ते गावातलेच घ्यावे, असा मी घरापुरता नियम केला आहे. कांद्यालाही आमच्या भागात पर्याय आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भातानंतर त्याच शेतात तो लावतात आणि काढल्यावर पातीसकट वेणी घालून माळा विकतात. हवेशीर जागी टांगलेली माळ पावसाळ्यात बराच काळ पुरते. राजापूरला तो दर वेळी मिळणार नाही, पण उन्हाळ्यात कोणी इकडून येत असेल तर दोन माळा जरूर मागवाव्यात.

मुले पालेभाजी खात नाहीत अशी अडचण पुढे येईलच, म्हणून आधीच लिहिते. माझ्या नातवंडांना टाकळ्याची भाजी नको असते, पण तोच पाला बारीक चिरून घावण्याच्या पिठात घातला की ती खातात. सध्या परसात तवसे (पावसाळी मोठी काकडी) लागले असेल, तर ते किसून गूळ आणि तांदळाच्या रव्याबरोबर तवसोळी करावी. हळदीची पाने मोठी झाली असतील, तर एक दिवस पातोळ्यांचा ठेवावा. गोड पदार्थालाही ऋतू असतो हे त्यातून मुलांना आपोआप कळते.

पाऊस सरला की रकाने पुन्हा बदलतील. दिवाळीनंतर लाल माठ, मुळा, वांगी आणि पावटे येतील, थंडीत कोनफळ आणि करांदे निघतील, फेब्रुवारीपासून ओले काजूगर आणि त्यामागोमाग फणसाची कुयरी. ते महिने सोपे असतात, त्यांची मुद्दाम आखणी करावी लागत नाही. माठ-मुळ्याचे बी मात्र आत्ताच कोणाकडून तरी मागून ठेवा, कारण भात कापल्यावर सगळ्यांनाच ते एकदम हवे असते.

प्रश्नकर्तीचे उत्तर
परसदार (राजापूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाईंना शेजारी बसवून नवी वही आखली. आमचा बाजार गुरुवारी असतो, म्हणून गुरुवार-शुक्रवार पालेभाजी, शनिवार-रविवार पडवळ आणि भेंडी, सोमवारी केळफूल, आणि मंगळवार-बुधवार साठवणीचे, असा हा आठवडा ठरला आहे. रविवारच्या खाली ‘रात्री केळफूल सोलणे’ आणि सोमवारच्या खाली ‘काळे वाटाणे भिजत घालणे’ असे लिहिले. श्रावण संपेपर्यंत माशाचा रकाना मोकळाच राहील, आणि कालनिर्णयावर भाद्रपदातल्या अमावास्या-पौर्णिमेला खुणा करायचे काम थोरल्याने मागून घेतले आहे.

मंगळवारपाशी आल्यावर मी थांबले, कारण घरात बेगमी काहीच नाही अशी माझी समजूत होती. सासूबाई उठल्या, माळ्यावरून एक मडके खाली घेऊन आल्या आणि त्यांनी ते पडवीत वर्तमानपत्रावर रिकामे केले. आत लाल मातीत घोळवून वाळवलेल्या आठळ्या होत्या. मे महिन्यात मी गरे खाऊन बिया टोपलीत टाकत होते, तेव्हा त्या रोज संध्याकाळी उचलून नेत असत, हे मी पाहिलेही होते, पण कशासाठी ते कधी विचारले नव्हते. धाकटीने माती झटकून मोजल्या तेव्हा 140 भरल्या. सासूबाईंच्या अंदाजाने एका वेळच्या भाजीला 35 लागतात, म्हणून पुढच्या चार मंगळवारांपुढे मी ‘आठळ्या’ असे लिहून ठेवले आहे. कुळथाचे पीठ मात्र यंदा घरी नाही. या गुरुवारी बाजारात पाहते, आणि जानेवारीत कुळीथ निघाला की दोन किलो पिठापुरता बाजूला काढते.