दीड ते तीन वर्षांच्या मुलांसाठी प्राण्यांचं यमकी चित्रपुस्तक : ओळी अडखळतात, काय करावं?

बालवाडी_फोंडा

नमस्कार मंडळी. बालवाडीसाठी गोव्यातल्या प्राण्यांचं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक हातानं करायचं आहे. 8 प्राणी, प्रत्येकाला समोरासमोरची दोन पानं (खाली जोडपान म्हणते), साधारण 12 प्रती. चित्रं वॉटरकलरमध्ये होतील. अडलंय ते ओळींपाशी. प्रत्येक प्राण्याला एकच धृपद हवं, म्हणजे मुलं दुसऱ्या-तिसऱ्या पानापासून सोबत म्हणू लागतात. खारीचं असं लिहिलंय :

कुठे लपली? पानाखाली!
खारूताई शेंगदाणे खाऊन झाली.

आणि बेडकाचं :

कुठे लपला? चिखलाखाली!
बेडकाची स्वारी झोपून गेली.

कागदावर बरं दिसतं, पण दुसऱ्या कुणी वाचलं की धडपडतं. शिवाय पुठ्ठा, गोंद, लॅमिनेशन यांबद्दलही सांगा. पावसाळ्यात अशी पुस्तकं वाकडी होतात असं ऐकलंय.

अष्टमात्रा

आधी मात्रा मोजा. ऱ्हस्वाला 1, दीर्घाला 2, अनुस्वार असलेल्या किंवा जोडाक्षराचा आघात येणाऱ्या ऱ्हस्वालाही 2. तुमची पहिली ओळ 7 + 8 म्हणजे 15, दुसरी 8 + 7 + 5 + 4 म्हणजे 24. बेडकाची दुसरी 20. एका पानावर 15 नंतर 24 आल्या तर वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत पळावं लागतं. धडपड तिथली आहे.

बडबडगीताला 8 + 8 चा साचा धरा आणि दर 4 मात्रांवर टाळी द्या. एका ओळीत चार टाळ्या. टाळी शब्दाच्या आत पडली तरी चालते, पण एका दीर्घ अक्षराच्या पोटात पडली की जीभ अडते. छापील हिशेबात न सापडणारी आणखी एक गोष्ट : 'खाऊन', 'बेडूक', 'शेपूट' यांचा शेवटचा अ आपण बोलतच नाही. कागदावर 5 मात्रा, तोंडात 4. ओळीच्या शेवटी खपून जातं, मधे आलं की भोक पडतं. असे शब्द शक्यतो शेवटी टाका.

पण तुमचा खरा घोटाळा लिंगाचा आहे. 'लपली–खाली' हे यमक खारीपुरतंच. बेडकाला 'लपला' झालं आणि यमक गेलं; कासव आलं की 'लपलं'. धृपदात क्रियापद असेल तर मराठीत ते प्राण्यागणिक बदलणारच, आणि बदललेलं धृपद मुलांच्या तोंडी बसत नाही. 'कुठे गं', 'कुठे रे' यांनीही तेच होतं. यावर उपाय दोन. धृपदातून क्रियापद काढून टाका. आणि पुढच्या ओळीत कर्ता प्राणी न ठेवता त्याचा अवयव ठेवा, म्हणजे क्रियापद शेपटीशी नाहीतर पायाशी जुळेल, प्राणी कुठल्याही लिंगाचा असो. तिसरी युक्ती आज्ञार्थाची, 'ये, बस, उड' ला लिंग नाही; पण आठ पानं नुसते हुकूम सोडले की कान कंटाळतो.

असं करून पाहा :

कुठे कुठे? पानांमागे!
गोंडा हलतो, डोळे जागे.

कुठे कुठे? वाळूवरती!
पाय बुडाले, आली भरती.

'कुठे कुठे' च्या 6 मात्रा, पुढे 2 मात्रांचा थांबा. तो थांबा छापायचा नाही, प्रश्नचिन्ह तो देतं. नंतर जागा : पानांमागे, वाळूवरती. यमक जागेच्या शब्दाशी जुळवलं आहे, त्यामुळे प्राण्याचं नाव ओळीत येतच नाही. ते खाली मोठ्या अक्षरात एकटं छापा : खार. कासव. मूल ते स्वतः ओरडतं.

गव्यासाठी (कुळागर म्हणजे पोफळी-नारळाची बाग) :

कुठे कुठे? अंधारात!
पायी मोजे, कुळागरात.

इथे 'पाय पांढरे' असंही बसलं असतं, मात्रा 8 च होतात. पण 3 मात्रांवर 'पाय' संपतो आणि टाळी 'पां' च्या मधोमध पडते. म्हणून 'पायी मोजे'. हा फरक मनात वाचून कळत नाही, टेबलावर बोट आपटून मोठ्यानं म्हणा.

यमकाबद्दल एक. 'खाली–गेली' मध्ये फक्त 'ली' जुळतं, तेवढं लहान मुलाच्या कानाला पुरत नाही. आधीचा स्वरही जुळायला हवा : मागे–जागे, वरती–भरती. 'येतो–जातो–खातो' ही यमकं आळशाची; शंभर ओळी तशा लिहिता येतात आणि एकही लक्षात राहत नाही.

खाजनकाठ

ओळी छान झाल्या. आता चित्रांबद्दल, कारण नेटवरून पाहून काढलेल्या चित्रांत गोव्यातले प्राणी हमखास चुकतात.

खार : आपल्याकडच्या अंगणातल्या खारीच्या, म्हणजे चानीच्या, पाठीवर 3 फिकट पट्टे असतात. 5 पट्ट्यांची उत्तरेकडची. ओक झाडाचं फळ हातात धरलेली राखाडी खार तर परदेशी, ती पुस्तकात नकोच. 'गोंडा हलतो' ला साजेसा खरा प्राणी शेकरू. मोले, खोतीगावच्या रानात आहे. पाठ तांबूस-काळपट, पोट मलईच्या रंगाचं, शेपूट अंगापेक्षा लांब. फक्त शेकरू जमिनीवर बसलेलं काढू नका, ते जवळजवळ सगळा वेळ फांद्यांवर काढतं.

कासव : वाळूवरचं कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. गालजीबाग, आगोंद, मोरजी इथे मादी अंडी घालायला येते. त्याला बोटं असलेले पाय नसतात, वल्ह्यासारखे चपटे पंख असतात. डोंगरासारखी पाठ आणि चार खांबासारखे पाय काढले तर ते जमिनीवरचं कासव झालं. मग भरतीची ओळ चुकीची ठरते.

गवा : गोव्याचा राज्यप्राणी. गुडघ्याखाली पाय पांढरे, त्यामुळे 'मोजे' अगदी बरोबर. मोठा नर जवळजवळ काळा, मादी आणि पिल्लं तपकिरी. खांद्यावर उंच वशिंडासारखी कमान. शिंगं म्हशीसारखी मागे गेलेली नव्हे, बाजूला निघून वर वळलेली.

मगर घेणार असाल तर कुंभारजुव्याच्या खाडीतली, रुंद थोबाडाची. लांब चोचीसारखं तोंड सुसरीचं, ती गोव्यात नाही. घरात कोंकणी बोलणारी मुलं खारीला चानी, मगरीला मानगे म्हणतात. मराठी नावाखाली तो शब्द बारीक छापला तर घरी वाचणाऱ्यांची सोय होईल. कुर्ली, म्हणजे खेकडा, दोन्हीकडे कुर्लीच.

बालवाडी_फोंडा

वा, लिंगाची गोष्ट लक्षातच आली नव्हती. एक शंका. गवा काळा आणि पान 'अंधारात'. चित्र दिसणार कसं?

पुठ्ठा_आणि_खळ

काळ्यावर काळं काढलंत तर डिजिटल प्रेसवर निव्वळ डाग येतो. आकाश संध्याकाळचं केशरी-जांभळं ठेवा, पोफळीचे खांब काळे, आणि पांढरे मोजे रंग न लावता कागदाचेच सोडा. दीड वर्षाच्या मुलाला आधी तेच दिसतील, आणि ओळही त्यांचीच आहे. गव्याचा डोळा मात्र जोडपानाच्या घडीत येऊ देऊ नका. घडीपासून 8 ते 10 मिमी कुठलाही चेहरा नको.

पानांची मांडणी बदला असं सुचवेन. प्रश्न आणि उत्तर एकाच जोडपानावर असलं तर मूल प्रश्न संपायच्या आत गवा पाहून मोकळं. प्रश्नाची ओळ आणि नुसता गोंडा उजव्या पानावर, पान उलटल्यावर डावीकडे दुसरी ओळ आणि अख्खा प्राणी. असं केलं तर 8 प्राण्यांना 9 जोडपानं लागतात. पहिलं डावं पान पुस्तकाच्या नावाला, शेवटचं उजवं सगळे आठ एकत्र दाखवायला.

माप 140 × 140 मिमी ठेवा. जोडपान 280 × 140, चहूबाजूंनी 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) धरून 286 × 146. 12 × 18 इंची शीटवर (305 × 457 मिमी) अशी बरोबर तीन बसतात, कडेला क्रॉप मार्कलाही (कापायच्या खुणांना) जागा राहते. म्हणजे एका प्रतीला 3 शीट, 12 प्रतींना 36. कागद 170 जीएसएम आर्ट पेपर, एका बाजूला छपाई, छपाईवर मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी ट्यूबलाइटखाली चमकतं, चित्र दिसत नाही. प्रेसला 'लाँग ग्रेन' कागद मागा, म्हणजे ग्रेन (कागदातल्या तंतूंची दिशा) घडीला समांतर येईल. खात्री नसेल तर कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूनं ओला करा. तो ज्या अक्षाभोवती नळीसारखा वळतो ती ग्रेनची दिशा. ग्रेन आडवा गेला तर घडीवर शाई तडकते आणि पान फुगतं. घडीआधी क्रीज (दाबून पाडलेली घडीची रेघ) मारून घ्या, नुसत्या नखानं नको.

जोडणी : प्रत्येक जोडपान छपाई आत ठेवून दुमडा. पहिल्याच्या उजव्या अर्ध्याची पाठ दुसऱ्याच्या डाव्या अर्ध्याच्या पाठीला, मधे 1 मिमीचा ग्रेबोर्ड (राखाडी पुठ्ठा). असे आत 8 बोर्ड, दोन्ही टोकांना कव्हरसाठी 2 मिमीचे 2. बोर्ड घडीच्या 1 मिमी अलीकडे थांबवा, नाहीतर पान उघडताना सांधा फाटतो. सगळं चिकटल्यावर तीन बाजू प्रेसच्या कटिंग मशीनवर मारून घ्या. हातातल्या कटरनं 15 मिमी जाडी सरळ कापली जात नाही. कव्हरचा कणा सर्वात शेवटी, तयार गठ्ठा मोजून. आधी अंदाजानं छापला की दोन-तीन मिमी कमी पडतो आणि अख्खं कव्हर वाया जातं.

वाकडं होण्याचं कारण पाणी. पांढरा गोंद पातळ करून लावला की बोर्ड एका बाजूनं ओला होऊन कमानतो, आणि आपल्या जून-जुलैच्या हवेत तो नीट सुकत नाही. शक्य तर दुहेरी चिकटणारी शीट वापरा. गोंदच लावायचा तर न पातळ करता रोलरनं पातळ थर द्या, बोर्डाच्या दोन्ही बाजू एकाच बैठकीत चिकटवा, मग पाटाखाली दाबून, वर वजन ठेवून 24 तास. उन्हात ठेवायचं नाही. मैद्याच्या खळीचा मोह टाळा : पावसाळ्यात बुरशी आणि कसर, दोन्ही तिच्यावर जगतात. (माझ्या नावावर जाऊ नका.)

कोपरे कॉर्नर कटरनं 10 मिमी गोल करा, चावायला सुरुवात कोपऱ्यापासून होते. स्टेपलची पिन, चिकटवलेले डोळे, बटणं काही नको. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकतील असे तुकडे आहेत ते.

अष्टमात्रा

फाइल प्रेसला देताना अक्षरं कर्व्ह करूनच द्या, म्हणजे फाँटऐवजी नुसते आकार जातील. फाँट बदलला की 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' होतं, आणि ते 12 प्रती लॅमिनेट झाल्यावर दिसतं. अक्षर 24 पॉइंट, दोन ओळींत दीडपट अंतर, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

आणि छापण्याआधी ओळी अशा कुणाला तरी द्या ज्यानं त्या पाहिलेल्या नाहीत. चाल सांगू नका. जिथे तो थांबेल तिथे पेन्सिलीनं खूण करा. दोन वाचकांची खूण एकाच जागी आली तर ती ओळ बदला, कितीही आवडती असो. 'कुळागरात' वर मला स्वतःला थोडी शंका आहे. शहरातल्या वाचकाकडून तो शब्द आधी म्हणवून घ्या.

बालवाडी_फोंडा

कुळागर राहणारच, इथल्या मुलांना ते माहीत आहे. बेडकाचं सुचतंय : 'कुठे कुठे? चिखलामध्ये!' पण 'मध्ये' ला यमक मिळत नाही.

अष्टमात्रा

'मध्ये' सोडा, त्याला यमक फारसं कुणाला मिळालेलं नाही. जागा बदला : 'कुठे कुठे? बांधाखाली! गाल फुगवले, पावसा, खाली!' असं नको, 'खाली' दोनदा येतं. 'बांधाखाली – सर ही आली' घ्या : 'गाल फुगवले, सर ही आली'. गा-ल-फु, ग-व-ले, सर-ही, आ-ली. टाळ्या चारही जागेवर पडतात. आणि फुगलेला गाल चित्रात काढायलाही सोपा.