मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याची बाहुली लहान असेल तर ती रुंद धरून ठेवणारी रिंग सरसकट घालावी का?

डोळस_डॉक्टर: माझं मत स्पष्ट आहे. बाहुली मोठी करणारे थेंब टाकूनही ती 5 मिलिमीटरच्या आत अडकली असेल तर नुसती खटपट नको, सरळ मॅल्युगिन रिंग किंवा चार आयरिस हुक (आयरिस म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, तो ओढून धरणारे आकडे) घालावेत. आंधळेपणाने केलेला रेक्सिस, म्हणजे लेन्सच्या पिशवीला (कॅप्सूलला) पुढून पाडलेलं गोल भोक, लहान होतो, मग पुढं सगळंच अडतं आणि मागची कॅप्सूल फाटल्यावर कळतं.

जुना_फेको: सरसकट म्हणू नका हो! रिंग काढताना स्फिंक्टर (बाहुली आवळणारा स्नायू) खरचटतो, कधी बाहुली नंतर वेडीवाकडी राहते. आधी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं फिनाइलेफ्रिन (बाहुली मोठी करणारं औषध) डोळ्याच्या आत सोडा, मग जाड व्हिस्को, म्हणजे जागा करून देणारं जेल. जुन्या दाहामुळे आयरिस लेन्सला चिकटली असेल तर स्पॅच्युलाने सोडवा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर दोन हुकांनी ताणा.

डोळस_डॉक्टर: ताणणं फ्लॉपी, म्हणजे ढिल्या पडलेल्या, आयरिसमध्ये चालत नाही, सर. ती ताणलेली परत आखडते, पाण्याच्या प्रवाहात लाटेसारखी हलते आणि चिरेतून बाहेर यायला बघते. चँग आणि कॅम्पबेल यांनी 2005 मध्ये याचा टॅमसुलोसिनशी, म्हणजे प्रोस्टेटवाल्यांच्या लघवीच्या गोळीशी, संबंध दाखवला. गोळी आठवडाभर बंद करून धोका टळत नाही, हेही आपल्याला माहीत आहे.

जुना_फेको: टॅमसुलोसिनवाल्यांना रिंग घाला, माझी हरकत नाही. मधुमेह आणि स्यूडोएक्सफोलिएशनवाल्यांनाही (डोळ्याच्या आत पांढरट कण साचण्याचा विकार) तोच न्याय कशाला? स्यूडोएक्सफोलिएशनमध्ये खरी भीती कमकुवत झोन्यूल्सची, म्हणजे लेन्स धरून ठेवणाऱ्या तंतूंची. रिंगचं काम झालं म्हणून गाफील राहिलात तर लेन्सच हलेल.

तालुक्याचा_नेत्रवैद्य: तुम्ही दोघं फेकोबद्दल, म्हणजे मशीनने मोतीबिंदू आतच फोडून ओढून घेण्याबद्दल, बोलताय. इकडं शिबिरात एसआयसीएस, म्हणजे लहान चिरेतून हाताने केलेलं ऑपरेशन, न्यूक्लियस (लेन्सचा टणक गाभा) अख्खा बाहेर काढायचा. पिकलेला, चांगला जाडजूड मोतीबिंदू रिंगमधून येणार कसा? कात्रीने स्फिंक्टरला बारीक चिरा देतो, काम होतं. बाहुली देखणी राहत नाही, पण पेशंटला दिसतं.

सोलापूरकर: मी डॉक्टर नाही. वडिलांच्या ऑपरेशननंतर बिलात रिंगचे जादा पैसे लागले, आधी कुणी बोललं नव्हतं. वडील 'लघवीची गोळी' घेतात, हेही कुणी विचारलं नाही. डोळ्याच्या दवाखान्यात ते स्वतःहून कशाला सांगतील?

डोळस_डॉक्टर: हे विचारायला हवं होतं, खर्चही आधी सांगायला हवा होता. आमच्याकडे आता फॉर्मवर 'प्रोस्टेट, लघवीची औषधं' असा वेगळा रकाना आहे. पण मूळ मुद्दा सोडत नाही: तालुक्याचे डॉक्टर, फेको करताना तरी चिरा देऊ नका.

तालुक्याचा_नेत्रवैद्य: फेको मशीन द्या, मग बोलू.