क्वारंटाईनचे दिवस नक्की कसे ठरवतात? मदत हवी आहे

इन्क्युबेशन पिरियडबद्दल (म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) कोणी नीट सांगेल का प्लीज. फ्लूचा १ ते ४ दिवस, आरएसव्हीचा (श्वसनमार्गाचा एक व्हायरस) साधारण ४ ते ६, कोविडचा २ ते १४ आणि ओमायक्रॉनमध्ये तर सरासरी ३च्या आसपास, इथपर्यंत कळलं. मग सरासरी एवढी कमी असताना आधी १४ दिवस का ठेवायचे, म्हणजे उशिरा लक्षणं येणारे थोडे लोक सुटू नयेत म्हणूनच ना?

आणि खरा घोळ पुढे आहे, फ्लूत लक्षणांच्या एक दिवस आधीपासूनच माणूस पसरवतो म्हणतात, मग घरातच पेशंट असेल तर बाकीच्यांचे दिवस शेवटच्या संपर्कापासून मोजायचे की पहिल्या? दुसऱ्याच दिवशी टेस्ट निगेटिव्ह आली तर त्याला काही अर्थ असतो का? डॉक्टर मंडळी असतील तर सांगा, फॉरवर्ड नकोत.