मदत हवी आहे : उघड्या माळावर वळवाने गाठलं तर आडोसा कुठे घ्यायचा?

परवा सोलापूरहून नान्नजच्या माळावर पक्षी बघायला गेलो आणि वळवाने गाठलं. चहूकडे सपाट गवत, मधे एकच लिंब. मित्र म्हणाला, चल झाडाखाली. एकट्या झाडावर वीज पडायची भीती जास्त, म्हणून त्याला ओढत ओढ्याच्या काठाखाली नेलं. थोड्याच वेळात घोट्याएवढं गढूळ पाणी आलं, तिथूनही पळालो! शेवटी पाय जुळवून, कान झाकून उकिडवे बसलो. (छत्री होती, उघडायची छाती झाली नाही.) लखलखाट आणि गडगडाटात जेमतेम 6 सेकंद, म्हणजे वीज 2 किलोमीटरवर. गाडी लांब राहिलेली.

अशा वेळी जायचं कुठे? बुटक्या बाभळींचं बन, की शेताच्या बांधाखालचा खोलगट भाग? मेंढरं राखणारी मंडळी काय करतात, कुणाला ठाऊक आहे का?