पोर्शच्या नव्या ७१८साठी थांबावे की आताची ९११ घ्यावी? बेळगावातील वापरासाठी सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या मामांचा उद्यमबागेत यंत्राचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. निवृत्त होण्याआधी एक अस्सल स्पोर्ट्स कार घ्यायचीच, असे त्यांनी ठरवले असून चौकशीचे काम माझ्यावर सोपवले आहे. गाडी पोर्शचीच हवी, यावर चर्चा नाही. ज्याने आयुष्यभर लेथवर शाफ्ट उतरवले, त्याला समोरासमोर आडव्या बसवलेल्या सहा सिलिंडरांचे आकर्षण का वाटते हे समजावून सांगावे लागत नाही. अडचण आहे ती कोणती घ्यावी आणि कधी घ्यावी, याची.

मामांची मूळ पसंती ७१८ केमनला होती. परंतु पेट्रोलवरील ७१८चे, म्हणजे उघड्या छताची बॉक्स्टर आणि बंद छताची केमन यांचे, उत्पादन ऑक्टोबर २०२५मध्ये थांबले. पुढची ७१८ केवळ विजेवर चालेल, असे कंपनीने २०२२मध्येच सांगितले होते; मात्र विजेवरील महागड्या स्पोर्ट्स गाड्यांना अपेक्षेएवढी मागणी नसल्याचे दिसल्यावर २०२५मध्ये तिने धोरण बदलले आणि नव्या ७१८च्या वरच्या श्रेणीत पेट्रोल इंजिनही राहील, असे जाहीर केले. मामा या एका वाक्यावर थांबायला तयार आहेत. माझे मत निराळे आहे. वरची श्रेणी म्हटले की किंमत ९११च्या जवळ जाणार, आणि तसे झाले तर एवढी वाट पाहून हाती काय लागले, असा प्रश्न उरतो. या घडामोडींवर ज्यांचे बारीक लक्ष आहे, त्यांनी याबाबत आपले मत द्यावे.

आता ९११विषयी. मे २०२४मध्ये आलेल्या सुधारित ९११मध्ये करेरा जीटीएसला (करेरा ही ९११ची मूळ मालिका, जीटीएस तिच्यातली अधिक शक्तिशाली गाडी) हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि वीज अशी जोड यंत्रणा मिळाली आहे: ३.६ लिटरचे इंजिन, इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा आणि विजेच्या मोटरचीही मदत असलेला एकच टर्बो, गिअरबॉक्समध्ये बसवलेली दुसरी मोटर आणि सुमारे १.९ किलोवॉट-तासांची लहान बॅटरी. एकूण शक्ती ५४१ पीएस (अश्वशक्तीचे मेट्रिक एकक). ही गाडी चार्जरला जोडावी लागत नाही, त्यामुळे चार्जिंग केंद्रांचा प्रश्न येत नाही. तरीही बॅटरी आणि ४०० व्होल्टची यंत्रणा बिघडली तर ती बेळगावात कोण हाताळणार, ही धास्ती आहेच. मामांचा आक्षेप याहून साधा आहे: या गाडीला हाताने टाकायचे गिअर नाहीत. करेरा मालिकेत ते आता फक्त करेरा टी या ३९४ पीएसच्या गाडीत, सहा गिअरांसह मिळतात. ती भारतासाठी मागवता येते का आणि मागवल्यास किती काळ लागतो, हे कोणी अलीकडे विचारले आहे काय?

रस्त्यांचा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुणे-बेंगळुरू महामार्गावर चिंता नाही, पण मामांची सुट्टी म्हणजे चोर्ला घाटातून गोवा किंवा आंबोलीमार्गे सावंतवाडी, आणि पावसाळ्यानंतर त्या रस्त्यांची जी अवस्था होते ती आपण जाणताच. जीटीएस साध्या करेरापेक्षा १० मिलिमीटर खाली बसते. पुढचा भाग काही सेंटिमीटर वर उचलणारी सोय पर्याय म्हणून मिळते, परंतु ती कमी वेगातच चालते. टिळकवाडीतील गतिरोधकांना एवढे पुरते का?

शेवटचा मुद्दा कराचा. कर्नाटकात वीस लाखांवरील पेट्रोल गाडीला १८ टक्के आजीव कर आणि वर उपकर लागतो, म्हणजे दोन कोटींच्या गाडीवर उपकर सोडूनच छत्तीस लाख झाले. महाराष्ट्रात जुलै २०२५पासून या कराची कमाल मर्यादा ३० लाख आहे. साहजिकच कोल्हापूरच्या नातेवाइकांच्या पत्त्यावर एमएच ०९ची पाटी लावण्याचा सल्ला घरातल्या घरात मिळू लागला आहे. मला तो मान्य नाही. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे राहिली की इथला कर भरावाच लागतो, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये बेंगळुरूत परिवहन खात्याने कर न भरलेल्या आलिशान गाड्या जप्त केल्या होत्या. मात्र आयात शुल्काचे गणित खरोखर गुंतागुंतीचे आहे. जानेवारी २०२६मध्ये भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील व्यापार कराराची घोषणा झाली असून, त्यानुसार युरोपातून येणाऱ्या गाड्यांवरील ११० टक्क्यांपर्यंतचे शुल्क ठरावीक संख्येपुरते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली येणार आहे. त्यामुळे आताच गाडी बुक करणे शहाणपणाचे की वर्षभर दम धरणे, याबाबत विक्रेत्यांकडून आपल्यापैकी कोणाला काही कळले असल्यास जरूर लिहावे.

बेळगावहून मुंबई आणि बेंगळुरू जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. सर्व्हिससाठी आपण गाडी चालवत नेता की ट्रकवर चढवून पाठवता, आणि ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर ९११ कशी चालते, हेही हुबळी, कोल्हापूर किंवा गोव्याकडील मालकांनी सांगितल्यास उपकार होतील. जीटीएस नको, करेरा टी मिळत असेल तर तीच मागवावी, असा माझा सध्याचा कल आहे. तो चुकीचा वाटत असल्यास कारणासह सांगावे, कारण मामांना कारणाशिवाय काहीही पटत नाही.